लॅटिनमधला क्रूस

[दृश्य : केडगाव. मुक्ती मिशनचं आवार, सकाळची वेळ.]

पुणे जिल्ह्यातलं केडगाव. दुष्काळात होरपळलेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी इथं आणलं आणि जगवलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. आज मात्र आधी इंग्लंडला जाऊ. रमाबाईंच्या काही पत्रांसाठी.

१८८३ साल. वाँटेज गावातला सिस्टरांचा मठ. पंचविशीतल्या विधवा रमाबाई आणि त्यांची लहानगी मनोरमा. २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इकडे पुण्यात गदारोळ उठला, बाई बाटली, गोऱ्यांची झाली. तिकडे मठातही समज जवळपास तसाच होता. बाप्तिस्मा झाला, आता बाई सांगू ते ऐकतील.

बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

[दृश्य : जुनी पत्रं, शाईची अक्षरं.]

त्यांना ख्रिस्ती शिकवण देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन. रमाबाई पत्रात त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. माया खरी होती, म्हणूनच ही भांडणं वाचताना जीव तुटतो. रमाबाई मांस खात नसत. सिस्टरांना त्यात जुन्या जातीचा ताठा दिसला. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी विचारलं, आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये जास्त पवित्र असं काय आहे? माझ्या देशातल्या माणसांना ती भाषा कळत नाही. अक्षरं कोरायचीच, तर संस्कृतात कोरा.

मग आली शिकवण्याची गोष्ट. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई होत्या. हिंदुस्थानात येऊ घातलेल्या इंग्रज तरुणांना त्यांनी शिकवावं, असं प्राचार्या डोरोथिया बील यांना वाटत होतं. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदी बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही! रमाबाईंना नवल वाटलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचे बोल सोसून बायकोला संस्कृत शिकवलं होतं. वडिलांनी वा नवऱ्यानं कधी आडकाठी केली नाही, ती इंग्लंडात व्हावी?

१८८५ मध्ये त्यांनी जेराल्डीनना स्पष्ट लिहिलं. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, माझं मन आहे. भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, तसलंच दुसरं मी घेणार नाही. येशूवरची श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही. त्या श्रद्धेच्या बळावरच त्या बिशपांशी वाद घालत होत्या, असं मला ही पत्रं वाचताना वाटतं.

१८८९ मध्ये मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन निघालं, विधवा मुलींची राहण्या-शिकण्याची जागा. मुलींना तिथं आपापले सोवळ्याचे नियम पाळायची मुभा होती. पुढं सदन पुण्याला आलं. बाईंच्या प्रार्थनेला मुली आपणहून येऊन बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये वादळ झालं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाईंनी प्रार्थनेच्या खोलीचं दार लावून घेतलं नाही.

१८९७. पुण्यात प्लेग. सरकारी इस्पितळांत बायकांची जी दैना चालली होती, ती रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात जाहीर मांडली. सरकार इंग्रजांचं, बाईंच्याच धर्माचं. सरकारनं आरोप फेटाळले. ज्या पुण्यानं त्यांना परकी ठरवलं, त्याच पुण्यातल्या बायकांसाठी त्या बोलल्या होत्या.

[दृश्य : छापखाना. खिळे जुळवणारे हात.]

शेवटची वर्षं केडगावात गेली, बायबलच्या भाषांतरात. त्यासाठी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंडिता ही पदवी मिळवलेल्या या बाईनं जडजंबाल संस्कृत शब्द बाजूला सारले आणि शेतावर राबणाऱ्या बाईला कळेल अशी मराठी निवडली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. बाईंचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं.

पानं छापली मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवायला तिथल्याच मुली होत्या.