काजूच्या चोथ्यातला निळा उजेड

श्रोतेहो नमस्कार. आजचा विषय म्हणजे काजूच्या चोथ्यापासून बनणारे चमकणारे कण आणि त्यांनी पाण्यातलं लोह मोजणं. तो लॅबमधला वाटेल, पण आपल्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या विहिरींपर्यंत येतो, म्हणून जरा ऐका.

काजूच्या सीझनला बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, मळून नीरो, म्हणजे त्याचा रस काढतात आणि चोथा बऱ्याचदा तसाच टाकून देतात. त्यात साखर आहे, टॅनिन आहे, थोडी प्रथिनं आहेत, म्हणजे कार्बन भरपूर. असला चोथा, पाला, फळाची साल, काहीही पाण्यात घालून टेफ्लॉनचं भांडं बसवलेल्या बंद स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये भरायचं आणि ओव्हनमध्ये साधारण 180 अंशांना काही तास ठेवायचं. निघतं ते कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी. ते नीट गाळा, त्यावर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा, बहुतेक वेळा निळं चमकतं! हे कार्बन डॉट्स, 10 नॅनोमीटरपेक्षा लहान कण. 2004 मध्ये अमेरिकेत नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, शुद्ध करताना ते अचानक सापडले, आणि 2012 मध्ये भारतातल्या संशोधकांनी ते चक्क संत्र्याच्या रसापासून बनवले. 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्या क्वांटम डॉट्सना, म्हणजे अशाच चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना मिळालं त्यातले कितीतरी कॅडमियमचे असतात, इथे ते विष नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता उपयोग. या कणांच्या अंगावर ऑक्सिजनवाले गट असतात, पाण्यातलं फेरिक लोह, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने बदललेलं तांबूस रूपातलं लोह, त्यांना चिकटतं आणि चमक मंदावते. जितकं लोह जास्त तितका उजेड कमी, ते मोजायचं. पारासुद्धा असाच पकडता येतो, आणि पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची भारतीय मर्यादा लिटरला फक्त 0.001 मिलिग्रॅम आहे, म्हणजे किती बारीक मोजावं लागतं बघा.

पण खरी मेख इथेच आहे. लोह आणि पारा दोन्ही चमक घालवत असतील तर नुसता उजेड कमी झाला म्हणून नेमकं काय सापडलं ते कसं सांगणार? शिवाय लोह स्वतःच यूव्ही शोषतं, त्यामुळे कणांना काही न होताही उजेड कमी दिसतो. आणि आपल्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीखालच्या पाण्यात लोह बऱ्याचदा फेरस रूपात विरघळलेलं असतं, पाणी वर काढलं, हवा लागली की मग ते फेरिक होऊन तांबूस होतं. म्हणजे ताज्या पाण्यावर टेस्ट केली तर लोह कमी दाखवेल आणि घरचे निर्धास्त पाणी पितील. आधी आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सगळं लोह फेरिक करून घ्या, मगच मोजा.

कॉलेजातल्या मुलांनी हे करावं असं मला अगदी मनापासून वाटतं, ऑटोक्लेव्ह आणि ओव्हन बऱ्याच केमिस्ट्री लॅबमध्ये असतात. फक्त दर बॅचला कॅलिब्रेशन, म्हणजे किती लोहाला किती उजेड कमी होतो त्याचा ताळा, नवीन करा, कारण या झाडाचा चोथा आणि त्या झाडाचा चोथा सारखा नसतो, पिकलेल्या बोंडूचा तर आणखी वेगळा. आणि त्याच विहिरीचं पाणी एकदा सरकारमान्य लॅबमध्येही तपासून घ्या, दोन्ही आकडे शेजारी लिहा, जुळले नाहीत तरी लिहा. नमस्कार.