आर्ची कॅमडेन : खर्जाचा गायक

(दृश्य : अमळनेरजवळचं गाव, लग्नघर. वाजंत्री मांडवापाशी बसले आहेत.)

आखाजीच्या मागंपुढं खान्देशात लग्नांची दाटी. सनईवाला वाजवायच्या आधी पत्ती ओठांत धरतो, ओली करतो. सगळा सूर त्या पातळ पापुद्र्यांच्या थरथरण्यातून निघणार असतो.

युरोपच्या ऑर्केस्ट्रात याच कुळातलं खर्जाचं वाद्य आहे : बासून. मेपलच्या लाकडाची सुमारे अडीच मीटरची नळी, मधोमध दुमडलेली. बसायची जागा मागच्या रांगेत, काम बहुतेक वेळा चेलोंसोबत (व्हायोलिनच्या कुळातली मोठी, खालच्या सुराची वाद्यं) खालचा सूर धरून ठेवण्याचं.

इंग्रज बासूनवादक आर्ची कॅमडेन यांनी या वाद्याला गायला लावलं. जन्म १८८८चा, कारकीर्द मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात बहरली. इंग्लंडमधले बहुतेक वादक तेव्हा फ्रेंच बनावटीचं बासून वाजवत. कॅमडेन यांच्या हाती हेकेल या जर्मन बनावटीचं बासून होतं. पुढच्या पिढ्यांत तिथं तीच बनावट रुळली.

१९२६मध्ये त्यांनी हॅलेबरोबर मोझार्टचा बासून कन्चेर्टो (एकट्या बासूनला पुढे ठेवून ऑर्केस्ट्रासह वाजवायची रचना) ध्वनिमुद्रित केला. मोझार्टनं तो १७७४मध्ये, अठराव्या वर्षी लिहिला होता. तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटंच मावत. एवढी मोठी रचना तुकड्यातुकड्यांनी वाजवायची, आणि तरी श्वास एकच वाटला पाहिजे! मधला संथ भाग ऐका. विदूषकी म्हणून हिणवलेलं वाद्य इथं अगदी मोकळ्या गळ्यानं गातं.

१९३३मध्ये ते बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रात गेले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी शिकवलंही.

(दृश्य : चाकू, तार, दोरा, पत्ती.)

बासून शिकणं म्हणजे पत्ती करायला शिकणं. नळाच्या जातीच्या जाड गवताची कांडी चिरायची, आतून कोरायची, दुमडायची, तारेनं आवळायची, दोऱ्यानं बांधायची. मग टोक कापून दोन पाती मोकळी करायची आणि चाकूनं खरवडत जायचं. केसभर जास्त निघालं की पत्ती वाया. हवा कोरडी झाली की कालची चांगली पत्तीही आज रुसते. मे महिन्यातलं आपलं भुसावळ तिला मुळीच मानवणार नाही. म्हणूनच आम्हाला वाटतं, शिक्षकाची खरी कसोटी मैफलीपेक्षा या टेबलाशी लागते. कुठं खरवडायचं आणि कुठं हात थांबवायचा, हे पुस्तकातून येत नाही. गुरूच्या शेजारी बसावं लागतं.

आपल्या बँडपथकांतल्या पोरांनी हे वाद्य समोर बसून ऐकावं. जळगावहून रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबई. तिथं नरिमन पॉइंटला, एनसीपीए या कलाकेंद्रात, २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो. बासूनवाले मधोमध, क्लॅरिनेटच्या बाजूला दिसतील.