सगळ्यांना तेच

(दृश्य: रात्रीचा सराफा. कढईतली साय काठाला लावणारा हात.)

सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की इंदूरच्या सराफ्यात खाण्याचा बाजार भरतो. रबडी तर आलीच. इथली शिकंजीसुद्धा लिंबाची नसते, दाट दुधाची असते. भुट्ट्याच्या किसातही दूध पडतं. माझा ७ वर्षांचा मुलगा माझं बोट धरून या गल्लीतून चालतो आणि प्रत्येक ठेल्यापाशी विचारतो, “आई, ह्यात दूध आहे?”

त्याला दुधाची ॲलर्जी आहे. दूध न पचणं वेगळं, तिथे दुधातली साखर त्रास देते. ह्याला दुधातली प्रथिनंच चालत नाहीत. त्यामुळे लॅक्टोज काढलेलं दूध असो की म्हशीचं, बकरीचं, आमच्या उपयोगाचं नाही.

घरात वाढदिवस असला की त्याच्यापुढे वेगळी वाटी यायची. बहुतेक वेळा फळांची. तो काही बोलायचा नाही, मुकाट्याने खायचा. एकदा माझी आई म्हणाली, “त्याच्यापुरतं काही करू नकोस. सगळ्यांना तेच करू.”

(दृश्य: इंदूरच्या रामबाग वस्तीतलं आमचं स्वयंपाकघर. आई विळीवर नारळ खवते आहे.)

आईचं माहेर रत्नागिरीकडचं. नारळाच्या दुधात गूळ घालून केलेला रस आणि शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, खात ती वाढली. गाईच्या उकळत्या दुधात गूळ टाकताना बाई बिचकते, कारण ते फाटतं. फाटतं ते त्यातल्या केसीनमुळे. माझ्या मुलाला बाधणाऱ्या प्रथिनांत तेही आहेच. नारळाच्या दुधात केसीन नाही. मला हे कळायला डॉक्टरांकडे खेटे घालावे लागले. आईच्या हाताला मात्र गूळ कुठे चालतो ते आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून सगळ्यांसाठी ठरलं नारळाच्या दुधाचं, गुळाचं चॉकलेट पुडिंग. दोन नारळांचा चव, दोन वाट्या कोमट पाणी. पिळून पहिलं दाट दूध ४०० मिली घ्यायचं. नारळ घरीच फोडतो, कारण नारळाच्या दुधाच्या तयार पावडरीत पुष्कळदा केसीनचाच एक प्रकार मिसळलेला असतो. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावरही विसंबू नका. तो शाकाहाराचा ठिपका, आणि दूध शाकाहारातच मोडतं. घटकांची यादी वाचायची, बारीक अक्षरांतली सूचनासुद्धा. चॉकलेटच्या लाद्यांत दुधाची पावडर असू शकते, म्हणून आम्ही साधी, बिनसाखरेची कोको पावडर वापरतो. ३० ग्रॅम.

८० ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळायचा. त्या गरम पाकातच कोको घोटायचा; गुठळ्या मोडतात आणि वास खुलतो. २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर थोड्या गार नारळाच्या दुधात कालवायचं. मग सगळं एकत्र, चिमूटभर मीठ, मंद आच.

“हात थांबवू नकोस,” आई मला बजावते. आच वाढली की नारळाचं तेल सुटतं. मिश्रण खदखदलं, डावाच्या पाठीला दाट थर धरू लागलं, की आणखी एक मिनिट ढवळून उतरवायचं. वर पापुद्रा धरू नये म्हणून झाकण अगदी पृष्ठभागाला टेकवायचं. चार तास फ्रीजमध्ये.

(दृश्य: संध्याकाळ. वाट्यांची रांग.)

त्याने सवयीने विचारलं, “आजी, ह्यात दूध आहे?”

“आहे. नारळाचं.”

त्या दिवशी वाढायला तोच उभा राहिला. आजोबांना दोनदा वाढलं, चुलत भावंडांना आग्रह केला. स्वतःची वाटी घेऊन तो सगळ्यांच्या मधोमध बसला, आणि आम्ही कॅमेरा बंद केला.