काळी पाच आणि विंटन केली

नमस्कार मंडळी, नमस्कार नाशिककर. आज जॅझ पियानोबद्दल बोलायचंय, आणि त्यातही एकच गोष्ट, की जॅझमध्ये ते आयत्या वेळी सुचेल तसं वाजवतात ना, इम्प्रोव्हायझेशन, ते शिकायचं कसं. तर जुन्या रेकॉर्डवरच्या सोलोंवरून, म्हणजे एकच वादक पुढे येऊन सुचेल तसं वाजवतो त्या भागांवरून. आणि कानाने. परत सांगतो, कानाने, छापील कागद नंतर.

पहिला सोलो कोणता घेऊ असं विचारलंत तर माझं उत्तर ठरलेलं आहे, ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधलं 'फ्रेडी फ्रीलोडर'. १९५९ सालचं रेकॉर्डिंग. बाकी अल्बमभर पियानोवर बिल इव्हान्स आहे, या एकाच ट्रॅकवर विंटन केली, आणि नवशिक्याला याच्यासारखा मास्तर नाही. बारा बारचा ब्लूज, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा तुकडे परत परत फिरतात, सूर बी फ्लॅट, म्हणजे आपली हार्मोनियमवरची काळी पाच, पाचवी काळी पट्टी. लय आरामाची, आणि केली उगाच बोटं पळवत नाही, एक वाक्य बोलतो, थांबतो, मग पुढचं बोलतो.

आता काळी पाच म्हटलं की मला काकांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाशिकरोडला आमच्या शेजारी राहायचे, प्रेसमधून रिटायर झालेले, भजनी मंडळात पेटीची साथ करायचे. त्यांनी मुंबईहून चोरबाजारातून ही एलपी आणलेली, कव्हर फाटकं पण तबकडी स्वच्छ. जॅझ त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण केलीचा सोलो ऐकला आणि म्हणाले हे मला पेटीवर पाहिजे. रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावायची, दोन ओळी ऐकायच्या, गुणगुणायच्या, मग पेटीवर शोधायच्या. पण सूर जुळेना. काळी पाच दाबली की रेकॉर्ड जरा चढी वाटायची, पांढरी सात दाबली की उतरलेली, म्हणजे रेकॉर्डचा सूर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी. काकू म्हणाल्या सुई बदला. कोणी म्हणालं तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं. भजनी मंडळातल्या एकाने तर सरळ सांगितलं, काका, पेटी ट्यून करून घ्या. काकांनी पुण्यातल्या मित्राची हीच एलपी मागवली, तीही तेवढीच चढी. आणि गंमत म्हणजे तबकडी उलटून दुसरी बाजू लावली की सगळं बरोबर! तीच सुई, तोच प्लेअर, तीच पेटी. काका म्हणाले, "अरे, चूक रेकॉर्डिंगमध्येच आहे, माझा कान सांगतोय."

मग त्यांनी काय करावं? एलपीवरून कॅसेट भरून घेतली, टेपरेकॉर्डर मागून उघडला, त्याच्या मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत स्पीडचा स्क्रू, त्यात घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घातला आणि एका हाताने काळी पाच धरून, पायाने भाता हलवत (पायपेटी होती त्यांची) दुसऱ्या हाताने स्क्रू केसभर केसभर फिरवत बसले. टेप हळू होत गेली, सूर उतरत गेला आणि एका क्षणी पेटी आणि केलीचा पियानो असे एकमेकांत बसले की दोन आवाज वेगळे ऐकूच येईनात. त्या स्क्रूवर त्यांनी लगेच नेलपॉलिशचा ठिपका लावला, हलू नये म्हणून, आणि त्या टेपवरून अख्खा सोलो पेटीवर बसवला. मी तो ऐकलाय. अप्रतिम.

पुढे कळलं की काका शंभर टक्के बरोबर होते. २ मार्च १९५९ च्या सेशनला मास्टर टेपचं मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे टेप नीट वेगात वाजवली की सूर चढायचा, आणि एलपीची पूर्ण पहिली बाजू तशीच वर्षानुवर्षं विकली गेली. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. जगभर लोकांनी ती ऐकली आणि आमच्या नाशिकरोडच्या पेटीवाल्याने तिच्यातली चूक पकडली. कानाने.

तर पद्धत तीच. आधी ऐका, मग गा, मग वाजवा. गाता येईपर्यंत पट्टीला हात लावू नका. जॅझ पियानोवाला लेनी ट्रिस्टानो न्यूयॉर्कमध्ये शिकवायचा, तोही शिष्यांना सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचे सोलो आधी गाऊन दाखवायला लावायचा. अवघड जागा मोबाईलवर स्लो करून ऐका, आता सूर न उतरता वेग कमी होतो, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. ते यूट्यूबवर वरून रंगीत पट्ट्या पडतात ना, ते व्हिडिओ मला अजिबात पटत नाहीत, बोट कुठे ठेवायचं ते कळतं आणि कान झोपून राहतो. आपले लग्नातले बँडवाले बघा, नवीन गाणं कानाने उचलून वाजवतात, त्यांना वरातीतच का ठेवलंय आपण, कालिदास कलामंदिरात बसवून ऐकायला हवं, हे माझं कायमचं म्हणणं आहे. लिहिण्याला विरोध नाही हं. पलुस्करबुवांनी नोटेशनची स्वतःची पद्धत बसवली, आपल्या नाशिकात त्यांचा आश्रम होता, पण शिष्य त्यांनी समोर बसवूनच तयार केले.

केली एक गोष्ट सारखी करतो, काळी एकवरून बोट घसरवून पांढरी दोनवर आणतो, कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर, ब्लूजचा सगळा रंग तिथे आहे. तेवढंच उचला. मग ती ओळ दुसऱ्या सुरांवरून वाजवा, मग शेवट बदला, मग सुरुवात बदला, जसे आपण एका तानेचे पलटे करतो. डाव्या हातात सुरुवातीला दोनच सूर पुरे, पांढरी दोन आणि काळी चार. आणि शेवटचे दोन बार लक्ष देऊन ऐका, नेहमीच्या ब्लूजसारखं तिथे घरी, म्हणजे मूळ काळी पाचवर, येत नाहीत, काळी चारवर, ए फ्लॅटवर जातात, नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो.

आता ट्रॅक लावतोय. सुरुवातीची चाल दोनदा होईल आणि लगेच केली येईल. वही नको, पेन नको, बरोबर गुणगुणा.