श्रीमंतांची पोरं पहिल्या रांगेत : कार्थेजचा सेक्रेड बँड

सेक्रेड बँड, म्हणजे सैन्याची 'पवित्र तुकडी', म्हटलं की लोकांना आठवतात ते ग्रीसमधल्या थीब्सचे 300 जण, ज्यांना इ.स.पू. 338 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने खैरोनियाला संपवलं. तो विषय भारीच आहे पण आज तो नाही. साधारण त्याच काळात समुद्राच्या पलीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अजून एक सेक्रेड बँड होता, कार्थेजचा, आणि त्याच्यावर फारसं कोणी बोलतच नाही. मला विचाराल तर त्याची गोष्ट थीब्सपेक्षा जास्त विचित्र आहे.

(इथे नकाशा दाखवायचा)

आधी कार्थेज कुठे ते बघा. आजचा ट्युनिशिया, ट्युनिस शहराला लागूनच. आताच्या लेबनॉनमधलं टायर नावाचं बंदर आहे, तिथल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे शहर वसवलं, साल सांगतात इ.स.पू. 814. दर्यावर्दी लोक, जहाजं, व्यापार, बक्कळ पैसा. आणि पैसा असला की माणूस काय करतो, कष्टाचं काम दुसऱ्याला देतो. यांनी लढाईचं काम दिलं. म्हणजे सेनापती कार्थेजचे, पण खाली लिबियाचं पायदळ, स्पेनचे भाडोत्री सैनिक, नुमिडियाचे घोडेस्वार, बॅलिआरिक बेटांवरचे गोफणवाले, जे नेम धरून दगड मारण्यात एक नंबर होते. माणसं मेली तरी शहरातल्या घरात रडारड नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये बरं का, प्लूटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने हेच लिहिलंय, की हरले तरी नुकसान बहुतेक परक्यांचंच व्हायचं.

आता अशा शहरात एक तुकडी अशी होती की जिच्यात फक्त कार्थेजचे नागरिक, आणि तेही ऐरेगैरे नाहीत. डायोडोरस नावाचा सिसिलीचा इतिहासकार आकडा देतो 2,500 आणि म्हणतो की यातले लोक शौर्य, नाव आणि संपत्ती या तिन्हीत पुढे असलेले. संपत्ती हा शब्द नीट लक्षात ठेवा. लोखंडी चिलखत, ब्रॉन्झचं शिरस्त्राण, मोठी ढाल, सगळं टॉपचं. तसं लढाईचं कौतुक कार्थेजमध्ये नव्हतं असं नाही हं, अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की तिथे माणूस जितक्या मोहिमा करून आला तितकी कडी मानाने अंगावर मिरवायचा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हे सगळं आपल्याला कळतं ते ग्रीक लेखकांकडून, आणि ग्रीक म्हणजे कार्थेजचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी. कार्थेजच्या लोकांनी स्वतः लिहिलेला इतिहास शिल्लकच नाहीये. त्यामुळे आकडे ऐकताना थोडं मीठ चवीपुरतं घ्या, शत्रूचं सैन्य कोणी कमी करून सांगत नाही.

तर आता सिसिली, इटलीच्या टोकाजवळचं बेट. अर्ध्या बेटावर ग्रीक शहरं, त्यात सिराक्यूज सगळ्यात मोठं, आणि पश्चिमेकडे कार्थेज. यांची मारामारी कायमची. इ.स.पू. 344 मध्ये ग्रीसमधल्या कॉरिंथहून टिमोलिऑन नावाचा सेनापती सिराक्यूजच्या मदतीला येतो, वय झालेला माणूस, पण डोकं जबरदस्त. मग काही वर्षांनी कार्थेज मोठं सैन्य उतरवतं, 70,000 असं दोन्ही लेखक म्हणतात, मला तरी ते जास्तच वाटतं, आणि या वेळी भाडोत्री लोकांबरोबर स्वतःचे नागरिकही मोठ्या संख्येने पाठवतं. टिमोलिऑनकडे डायोडोरसच्या हिशोबाने 12,000, प्लूटार्कच्या हिशोबाने तर त्याच्या निम्मेच, आणि वाटेत 1,000 भाडोत्री सैनिक घाबरून परत फिरले.

आणि त्यात वाटेत एक भानगड होते. समोरून खेचरं येतात, त्यांच्या पाठीवर सेलरी लादलेली, ती सूपमध्ये घालतात ती, तिचाच रानटी प्रकार. ग्रीक लोक ही पानं थडग्यांवर वाहायचे, त्यामुळे सैनिकांचे चेहरेच पडले, अपशकुन झाला म्हणून. टिमोलिऑन काय करतो, सैन्य थांबवतो आणि म्हणतो अरे वेड्यांनो, आपल्या कॉरिंथकडे इस्थमियन खेळात जिंकणाऱ्याला याच पानांचा मुकुट घालतात, म्हणजे लढाईच्या आधीच मुकुट चालत आलाय. आणि स्वतः आधी डोक्यावर घालतो, मग त्याचे अधिकारी, मग अख्खं सैन्य. काय माणूस आहे यार.

क्रिमिसस नावाची नदी, उन्हाळ्याची सुरुवात, सकाळचं दाट धुकं. ग्रीक टेकडीवर. धुकं वर सरकतं आणि खाली दिसतं की कार्थेजचं सैन्य नदी ओलांडतंय, पुढे चार-चार घोड्यांचे रथ, त्यांच्या मागे पांढऱ्या ढालींचे 10,000 लोक. त्यांची शिस्त आणि ढाली बघूनच वरून कळलं की हे खास कार्थेजचे. सेक्रेड बँड यांच्यातच. आणि त्यांच्या मागे बाकीची गर्दी, धक्काबुक्की करत येणारी. टिमोलिऑनने बरोबर हेरलं की अर्धे अलीकडे अर्धे पलीकडे, हीच वेळ.

पण पहिला हल्ला फसला, हे महत्त्वाचं. ग्रीक भाले चिलखतावर, ढालींवर आपटत होते आणि काही होत नव्हतं. सेक्रेड बँड हलायलाच तयार नाही. मग भाले सोडून तलवारी निघाल्या आणि तेवढ्यात आभाळ फाटलं. विजा, पाऊस, गारा, आणि वारा असा की ग्रीकांच्या पाठीवर आणि कार्थेजवाल्यांच्या थेट तोंडावर. डोळे उघडता येईनात, गडगडाटात हुकूम ऐकू येईना. आणि ज्या चिलखताने आतापर्यंत वाचवलं तेच आता जिवावर उठलं, कारण आतले कपडे पाणी पिऊन ओल्या घोंगडीसारखे जड झाले, खाली चिखल, एकदा माणूस घसरून पडला की ढाल-चिलखतासकट उठणं विसरा. वरून नदीला पूर. पुढच्या रांगेतले 400 जण कापले गेल्यावर बाकीचे पळायला लागले असं प्लूटार्क म्हणतो, डायोडोरस मात्र म्हणतो की सेक्रेड बँडचे लोक शेवटपर्यंत लढत सगळेच्या सगळे मारले गेले.

प्लूटार्कचा हिशोब असा की 10,000 मेले त्यातले 3,000 खुद्द कार्थेजचे, आणि एका लढाईत कार्थेजचे इतके नागरिक मेल्याची त्याआधीची नोंदच नाही. विचार करा, शहरातली सगळ्यात मोठी घराणी आणि प्रत्येकाच्या घरी एकदम बातमी. जे वाचून लिलिबियमच्या बंदरापर्यंत पोचले ते घरी जायला जहाजात चढायलाच तयार नव्हते, देव कोपलेत आणि समुद्र आपल्याला गिळणार म्हणून. आणि कार्थेजने काय ठरवलं? यापुढे नागरिकांचा जीव धोक्यात घालायचा नाही, बाहेरून सैनिक आणायचे, आणि त्यातही ग्रीक भाडोत्री आणायचे. ज्यांनी आपल्याला धुतलं त्यांनाच पगारावर ठेवायचं. टिपिकल व्यापारी डोकं, आणि खरं सांगू का, मला त्यात चुकीचं काही दिसत नाही.

पण मग लढाई घरी आली. इ.स.पू. 310. आता कार्थेजने सिराक्यूजला वेढा घातलाय आणि तिथला हुकूमशहा अ‍ॅगाथोक्लीस अडकलाय. हा पठ्ठ्या 60 जहाजं घेऊन गुपचूप निसटतो आणि सरळ आफ्रिकेत उतरतो. वाटेत 15 ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण लागलं, म्हणून आपल्याला तारीखसुद्धा माहितीये. उतरल्यावर स्वतःचीच जहाजं जाळून टाकतो, परतीचा विषयच संपला.

कार्थेजमध्ये घबराट, घाईघाईने नागरिकांची फौज उभी केली, 40,000 पायदळ, 2,000 रथ, आणि सेनापती दोन नेमले, हॅनो आणि बोमिल्कार, ज्यांच्या घराण्यांचं आपसात पिढीजात वैर. का, तर दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतील. वा रे आयडिया. उजव्या बाजूला हॅनो आणि त्याच्याबरोबर सेक्रेड बँड, म्हणजे ती नंतर पुन्हा उभी केलेली होती. समोर स्वतः अ‍ॅगाथोक्लीस 1,000 निवडक लोकांसह. त्याच्याकडे ढाली पुरत नव्हत्या तर त्याने ढालींचे गवसण काठ्यांवर ताणून नावाड्यांच्या हातात दिले, लांबून ढालच वाटावी. आणि सैन्यात घुबडं सोडली! खरंच. घुबड म्हणजे अथेना देवीचा पक्षी, ती येऊन ढालींवर, शिरस्त्राणांवर बसली आणि लोकांना वाटलं देवी आपल्या बाजूने आहे.

सेक्रेड बँडने सुरुवातीला ग्रीकांना चांगलंच मागे रेटलं. मग हॅनो मारला गेला. आणि बोमिल्कारने काय केलं, आपली बाजू घेऊन मागे सरकला, डायोडोरस म्हणतो मुद्दाम, कारण शहर कमकुवत झालं की त्याला सत्ता हवी होती. बाकीचं सैन्य पळत सुटलं तरी सेक्रेड बँड आपल्याच मेलेल्यांवर पाय देत लढत होता, आणि शेवटी वेढले जाणार हे दिसल्यावर मागे फिरला. जिंकल्यावर ग्रीकांनी छावणी लुटली तेव्हा गाड्यांमध्ये 20,000 बेड्या सापडल्या, कैद्यांना घालायला आधीच आणून ठेवलेल्या. बोमिल्कारने दोन वर्षांनी खरंच बंड केलं, फसलं, आणि भर बाजारात त्याला क्रूसावर चढवलं.

यानंतर सेक्रेड बँडचं नाव कुठल्याच लढाईत येत नाही. कार्थेजचा पुढचा मोठा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडतो, इटलीत कॅनीला रोमनांचा फडशा पाडतो, तिथेही नाही. कार्थेजचे नागरिक मात्र नंतरही पायदळात दिसतात, जसं इ.स.पू. 202 मध्ये रोमनांविरुद्ध झामाच्या लढाईत, दुसऱ्या रांगेत, पुढे भाडोत्री उभे करून. आणि मधे एकदा याच भाडोत्री सैनिकांचे पगार थकवले तेव्हा काय झालं, तीन वर्षांहून जास्त काळ शहराची काय अवस्था झाली, ते पुढच्या व्हिडिओत, कारण तो अर्ध्या तासाचा विषय आहे.