ब्लॉक देताना नर्व्हला इजा: सुईपेक्षा अंगठ्याला जपा

नमस्कार. अनेस्थेशियात नव्याने आलेल्या कुणालाही विचारा, ब्लॉक (शरीराचा एखादा भाग बधिर करायला नर्व्हजवळ सुईने औषध सोडणं) देताना नर्व्हला, म्हणजे मज्जातंतूला, इजा कशाने होते? उत्तर ठरलेलं असतं: "सुई लागली म्हणून." हे अर्धंच खरं आहे. नुसतं टोचलं गेलं तर नर्व्ह बऱ्याचदा सावरते. सुईचं टोक चुकीच्या जागी असताना सिरिंजवर अंगठा दाबला जातो, तेव्हा मोठं नुकसान होतं. आज बोलायचंय ते त्या अंगठ्याबद्दल.

आधी नर्व्ह आतून बघू. (चित्र स्क्रीनवर येतंय.) जाड केबल कापली की आत बारक्या तारांचे वेगवेगळे जुडगे दिसतात, तसंच इथे. एकेक जुडगा म्हणजे फॅसिकल. सगळ्यांभोवती बाहेरून एपिन्यूरियम, ते सैलसर. प्रत्येक फॅसिकलभोवती मात्र पेरिन्यूरियमचं स्वतंत्र, चिवट आवरण. फॅसिकलांच्या मधल्या जागेत चरबी आणि संयोजी ऊती असतात. तिथे औषध गेलं तर त्याला पसरायला वाव मिळतो. फॅसिकलच्या आत गेलं तर ते कोंडतं. आतला दाब केशवाहिन्यांमधल्या दाबाच्या वर गेला की रक्तपुरवठा थांबतो. त्यात औषध स्वतःच जास्त तीव्रतेला तंतूंसाठी विषारी, आणि सोबत ॲड्रिनलिन असेल तर रक्तपुरवठा आणखी कमी.

२००४ साली कुत्र्यांवर झालेला एक प्रयोग यासाठी फार बोलका आहे. सगळ्यांच्या नर्व्हमध्ये मुद्दाम सुई घालून औषध दिलं. ज्यांच्यात सुरुवातीचा दाब जास्त लागला, त्यांच्या पायात कमजोरी राहिली. कमी दाबात औषध गेलं, त्यांचे पाय पूर्ववत झाले. सुई सगळ्यांनाच लागली होती!

म्हणून १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) हा आकडा लक्षात ठेवायचा. औषध सरकायला लागतानाच दाब याच्या वर जात असेल, तर थांबायचं. इंटरस्केलीन ब्लॉकमध्ये (खांदा-हात बधिर करायला मानेत देतात तो) टोक नर्व्हच्या मुळाला नुसतं टेकलं तरी दाब इथवर जातो, आणि सुई जेमतेम १ मिलीमीटर मागे घेतली की उतरतो, हेही तपासलं गेलंय. मानेतल्या त्या मुळांत फॅसिकल दाटीने असतात, मोकळी जागा कमी. गुडघ्यामागच्या सायॅटिकमध्ये (पायाची मोठी नर्व्ह) संयोजी ऊती भरपूर. एवढीशी चूक तिथे खपून जाईल, मानेत खपेलच असं नाही.

आता सोनोग्राफी. "मला टोक दिसतंय ना, मग झालं," असं म्हणणारे बरेच भेटतात. सोनोग्राफीने औषध रक्तात जाऊन होणारी विषबाधा कमी झाली, हे खरं. नर्व्हची इजा मात्र तेवढी कमी झाल्याचं अजून दिसलेलं नाही. कायम टिकणारी इजा दर १०,००० ब्लॉकमागे साधारण २ ते ४, म्हणजे दुर्मीळच, पण ती सोनोग्राफी आल्यावर नाहीशी झाली नाही. टोक म्हणून आपण बघतो ती कित्येकदा सुईची मधली दांडी असते, आणि पेरिन्यूरियम स्क्रीनवर खात्रीने ओळखता येत नाही.

नर्व्ह शोधायला सुईतून बारीक करंट देणाऱ्या स्टिम्युलेटरचं ज्ञानही एकतर्फी. ०.२ मिलिअँपिअरच्या खाली स्नायू उडत असेल तर टोक बहुधा नर्व्हच्या आत आहे, मागे घ्या. पण उडत नाही म्हणजे बाहेरच आहे, असं मुळीच नाही. म्हणून तिन्ही एकत्र वापरायचं: सोनोग्राफीचा प्रोब, स्टिम्युलेटरचा करंट आणि दाब.

यातल्या दाबाकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि कारण अगदी साधं आहे. एका हातात प्रोब, दुसऱ्यात सुई. सिरिंज कुणाच्या हातात? सहाय्यकाच्या! त्याला जड लागतं, तो बिचारा अजून जोर लावतो, कारण त्याला औषध देण्याचं काम सांगितलंय. त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवा, "जड लागलं की ढकलायचं नाही, लगेच बोलायचं." तरीही हाताचा अंदाज फसवा असतो. सिरिंजचा आकार बदलला की तोच जोर वेगळा दाब तयार करतो.

दाब मोजायचं तयार उपकरण नसेल तर हे करा. २० मिलीच्या सिरिंजमध्ये १० मिली औषध आणि १० मिली हवा. सिरिंज उभी धरायची, नळीचं तोंड खाली, म्हणजे औषध खाली आणि हवा वर दट्ट्याकडे राहील. दट्ट्या दाबला की आधी हवा आकसते. ती १० वरून ५ मिलीवर आली की दाब दुप्पट झाला, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा साधारण १५ पीएसआय जास्त. बॉईलचा नियम, दुसरं काही नाही. हवा निम्म्यापेक्षा जास्त दाबायचीच नाही. हवा खालच्या तोंडाशी यायच्या आधी मात्र थांबा, ती आत जाता कामा नये.

अडलं तर? "सुई चोंदली असेल" म्हणून जागेवरच जोर लावू नका. किंचित मागे घ्या, पुन्हा १ मिली देऊन बघा. तरी अडलं तर सुई पूर्ण बाहेर काढून तपासा.

पेशंटला झोपेचं औषध बेताचं द्या, बोलता आलं पाहिजे. औषध देताना कळ गेली, मुंग्या आल्या असं तो म्हणाला तर तिथेच थांबा. काही न बोलणारा पेशंट म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका. आत टोक असूनही काहींना काहीच जाणवत नाही. लहान मुलांची गोष्ट निराळी, हलणारं मूल जास्त धोक्याचं, म्हणून त्यांना पूर्ण भुलीतच ब्लॉक देतात.

आधीपासून बधिरपणा आहे का, मधुमेह, केमोथेरपी, हे विचारून लिहून ठेवा. आधीच दुखावलेल्या नर्व्हला थोडासा धक्काही जड जातो. शिवाय सगळं खापर ब्लॉकवर फुटतं. टूर्निकेट (रक्त थांबवायला बांधलेला घट्ट पट्टा), हात-पाय ताणून ठेवणं, घट्ट प्लास्टर यांनीही नर्व्ह जाते, आणि बधिर पाय गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकून राहिला की पेशंटला कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, हालचाल परत आली का? नुसत्या मुंग्या बहुतेकांच्या काही आठवड्यांत जातात. कमजोरी असेल, किंवा बधिरपणा उतरून पुन्हा वाढत असेल, तर वाट बघू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि स्पायनल किंवा एपिड्युरलनंतर (पाठीच्या मणक्यात सुई घालून दिलेली भूल) पायांची ताकद परत येत नसेल, तर त्याच क्षणी एमआरआय. मणक्यात रक्त साचलं असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून ८ तासांच्या आत ते काढलं तर पाय वाचण्याची शक्यता खूप जास्त असते, म्हणून रात्री दोनला आलेला फोनही सकाळवर ढकलू नका.