नकाशावरचं अंतर आणि विमानातले तास

नमस्कार श्रोतेहो. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. त्याचं एक टोक दिल्लीवर ठेवा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा पाहून आपल्याला वाटतं की वाट पॅसिफिक महासागरावरून सरळ पूर्वेला जात असेल. दोरा मात्र उत्तरेकडे चढतो, सैबेरियावरून आर्क्टिक वर्तुळात शिरतो आणि अलास्काकडून खाली उतरतो. हे अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा या दोऱ्याचा असतो.

मोठं प्रवासी विमान तासाला साधारण ९०० किलोमीटर जातं. भागाकार केला की पावणेचौदा तास. पण या उत्तरावर फार विसंबू नका.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने याच दोन शहरांमधलं उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. नवी वाट जुन्या वाटेपेक्षा हजाराहून जास्त किलोमीटरने लांबच होती. सगळं मिळून सुमारे १५,३०० किलोमीटर. तरीही विमान साडेचौदा तासांच्या आसपास पोहोचलं, म्हणजे अटलांटिकवरच्या जुन्या, जवळच्या वाटेपेक्षा लवकर! ही करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. विमानाचे ९०० किलोमीटर हे हवेच्या तुलनेत असतात. ती हवाच पुढे पळत असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग सहज हजारापलीकडे जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये, युरोपात वादळ आलेलं असताना, ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत उतरलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

मग जाताना मिळालं ते येताना गेलं, हिशेब बरोबर, असं वाटेल. तसं होत नाही. ९,००० किलोमीटरचा प्रवास धरा आणि वारा ताशी १०० चा. वारा पाठीशी असताना नऊ तास लागतील, समोरून असताना सव्वाअकरा. एकूण सव्वावीस तास. वारा नसता तर वीसच लागले असते. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो, म्हणून तोटा भरून निघत नाही.

माणसांची भांडणंही वाट लांबवतात. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत.

वेळापत्रकातली वेळ आणखी वेगळी. ती विमान विमानतळाच्या दारापासून, म्हणजे गेटपासून, हलल्यापासून पुन्हा दाराशी लागेपर्यंत धरतात; धावपट्टीसाठी रांगेत घालवलेली मिनिटंही त्यात आली. शिवाय तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ दिल्लीच्या साडेबारा तास मागे असतं. त्यामुळे साडेचौदा तास उडालेलं विमान कागदावर दोन तासांत पोहोचल्यासारखं दिसतं! तेव्हा वजाबाकी करत बसू नका. तिकिटावर प्रवासाचा एकूण कालावधी वेगळा दिलेला असतो, तोच पाहा.